लूप आला म्हणून फेरोइलेक्ट्रिक ठरवू नका: नॅनो बेरियम टायटॅनेटच्या प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

"मॅडम, लूप आला!" एका जुलैमध्ये माझ्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचं ध्रुवीकरण, म्हणजे आतल्या धन-ऋण प्रभारांची सरक, बाहेरच्या विद्युत क्षेत्राने उलटवता येते. क्षेत्र पुढे-मागे केलं की ध्रुवीकरणाच्या आलेखावर बंद वळसा येतो, तोच हा लूप. नाशकात गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं होतं, तो आठवडा. गंगापूर रोडच्या आमच्या लॅबमध्ये बनवलेली बेरियम टायटॅनेट या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाची पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली चकती, साध्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून ती एसटीने मोजणीला गेली होती. व्हॉट्सॲपवर आलेख आला. दोन्ही टोकं गोल आणि मध्ये फुगीर, सरळ लंबवर्तुळच. मी म्हटलं, "बाळा, ही गळती आहे. पेलेट घेऊन परत ये."

पेलेट १५० अंशांना रात्रभर ओव्हनमध्ये ठेवली आणि सिलिका जेल घातलेल्या डब्यातून पुन्हा पाठवली. व्होल्टेज तेच, वारंवारताही तीच, पण फुगवटा गेला आणि एक बारीक तिरकी रेघ उरली. मग घनता काढली. बेरियम टायटॅनेटची सैद्धांतिक घनता घनसेंटिमीटरला सुमारे ६.०२ ग्रॅम असते, आमची पेलेट त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतही पोचली नव्हती. छिद्राछिद्रांत पावसाळ्याची दमट हवा शिरली होती.

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट याच एका चुकीने वाया जातात, म्हणून इथे जरा थांबते. पदार्थातून थोडा जरी प्रवाह गळत असला, तरी यंत्र तो प्रभार ध्रुवीकरण म्हणूनच मोजतं आणि पडद्यावर बंद वळसा काढून दाखवतं. २००८ साली भौतिकशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावून असाच लूप काढून दाखवला होता. साल काही फेरोइलेक्ट्रिक नव्हे. खरा लूप जास्त क्षेत्राला संपृक्त होतो, त्याची टोकं निमुळती होतात. गळतीच्या लूपची टोकं गोलच राहतात, आणि वारंवारता कमी केली की तो आणखी फुगतो. म्हणून एकाच वारंवारतेवर मोजून परत येऊ नका. प्रवाहाचा आलेखही मागून घ्या. ध्रुवीकरण उलटत असेल तर कोअर्सिव्ह क्षेत्राजवळ, म्हणजे ज्या क्षेत्राला ध्रुवीकरण शून्यातून उलटतं तिथे, प्रवाहात स्पष्ट उंचवटा येतो. नुसती गळती असेल तर प्रवाह सर्वांत जास्त व्होल्टेजलाच सर्वांत जास्त असतो. जमलं तर पंड (PUND) या स्पंदांच्या पद्धतीने मोजा. एकाच दिशेचे दोन स्पंद लागोपाठ द्यायचे. पहिल्यात उलटण्याचा आणि गळतीचा, दोन्ही प्रभार येतात. दुसऱ्यात उलटायला काही उरलेलंच नसतं. पहिल्यातून दुसरा वजा केला की हातात राहतं ते खरं ध्रुवीकरण.

पुढे त्या मुलीने पेलेट नव्याने दाबून १३०० अंशांना भाजली. घनता सुधारली, प्रवाहात उंचवटेही आले. पण तुटलेल्या कडेची एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) प्रतिमा पाहिली तेव्हा दाणे मायक्रॉनभर वाढलेले होते. ५० नॅनोमीटरची पावडर भट्टीत गेली आणि बाहेर आलं ते नेहमीचंच सिरॅमिक! प्रोजेक्टच्या नावातला 'नॅनो' शब्द आम्हाला काढावा लागला, आणि तेच योग्य होतं. कितीतरी प्रबंधांत टीईएम (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) पावडरचा असतो आणि लूप भाजलेल्या पेलेटचा, मधला दुवाच गायब. दाणे लहान ठेवायचे असतील तर दोन टप्प्यांत भाजा. थोडा वेळ जास्त तापमान द्या, मग ते लगेच खाली आणून बराच वेळ धरून ठेवा. एसईएम मात्र पेलेटचाच घ्या.

एक्सआरडीतली, म्हणजे क्ष-किरण विवर्तनातली, फसगत वेगळी आहे. ४५ अंशांच्या कोनाजवळ दोन शिखरं दिसली तर चतुष्कोनी, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक; एकच दिसलं तर घनाकृती, असं मुलं पाठ करून येतात. पूर्ण चतुष्कोनी बेरियम टायटॅनेटमध्ये त्या दोन शिखरांत अंतर असतं जेमतेम अर्ध्या अंशाचं. स्फटिक २० नॅनोमीटरचे असतील तर प्रत्येक शिखर केवळ आकारामुळेच ०.४ अंशापेक्षा जास्त पसरतं. दोन्ही एकमेकांत मिसळणारच. म्हणून सोबत रामन वर्णपट घ्या. प्रति सेंटिमीटर ३०५ ते ३१० च्या आसपासची रेघ दिसली तर रचना स्थानिक पातळीवर तरी घनाकृती राहिलेली नाही. तेवढ्यावरून ध्रुवीकरण उलटतं, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. आणि २४ अंशांजवळचं छोटं शिखर 'नॉइज' म्हणून सोडू नका, ते बहुधा बेरियम कार्बोनेट असतं. पावडर सौम्य ॲसेटिक आम्लाने धुवा, पण बेताने. जास्त धुतलं तर कणांच्या पृष्ठभागावरचा बेरियमही निघून जातो.

'आकार लहान झाला की गुणधर्म जातो' हे वाक्य प्रस्तावनेत सरसकट लिहू नका. ध्रुवीकरणाने पृष्ठभागावर जमलेला प्रभार आतल्या ध्रुवीकरणाच्याच विरुद्ध क्षेत्र तयार करतो. इलेक्ट्रोडने तो पुरता झाकला नाही तर थर जितका पातळ तितकी अडचण मोठी. २००३ मधल्या गणितानुसार इलेक्ट्रोडमधल्या बेरियम टायटॅनेटची मर्यादा सुमारे ६ एकक कोशिकांची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा म्हणजे एकक कोशिका), म्हणजे २.४ नॅनोमीटर आली. पण २००४ मध्ये लेड टायटॅनेटच्या ३ कोशिकांच्या थरातही खोलीच्या तापमानाला फेरोइलेक्ट्रिक अवस्था दिसली. हाफ्नियम ऑक्साइडचं तर उलटंच आहे. त्याची फेरोइलेक्ट्रिक रचना पातळ थरातच टिकते, जाड थर साध्या, फेरोइलेक्ट्रिक नसलेल्या मोनोक्लिनिक रचनेत जातो. म्हणून २०११ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाल्यावर चिप बनवणाऱ्यांचं लक्ष तिकडे गेलं. तुमचा पदार्थ कोणता आणि त्याभोवती इलेक्ट्रोड कोणता, हे आधी लिहा. मर्यादेचा आकडा त्यानंतर.

सिल्व्हर पेस्ट मोजून लावा. ८ मिलिमीटरचं वर्तुळ पसरून ९ चं झालं तर क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढतं आणि ध्रुवीकरणाचा आकडा तेवढा फसवा येतो. कडेला जागा सोडा, आणि मोजताना पेलेट सिलिकॉन तेलात बुडवा, नाहीतर दोन-तीन हजार व्होल्टला ठिणगी कडेवरून उडी मारते.

पीएफएमचा, म्हणजे सूक्ष्म टोकाने व्होल्टेज देऊन पृष्ठभागाची हालचाल मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचा, वेळ मिळाला तर एक काम नक्की करा. टोकाने व्होल्टेज दिलं की पृष्ठभागावर नुसता प्रभार बसतो, आणि तोही सिग्नलच्या कलेत (फेजमध्ये) १८० अंशांची उलटापालट दाखवू शकतो. अस्फटिक हाफ्नियम ऑक्साइडवरसुद्धा असे लूप मिळालेले आहेत. म्हणून सोबत काचेची एक पट्टी न्या. त्याच टोकाने, तेवढंच व्होल्टेज देऊन तिच्यावरही खूण उमटवून बघा, अर्ध्या तासाने दोन्ही नमुने पुन्हा स्कॅन करा आणि चारही प्रतिमा प्रबंधात शेजारी शेजारी छापा.