जुनी गाडी ठेवायची की काढायची? आधी खालून बघा

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की कधीतरी गॅरेजचा मोठा अंदाज हातात पडतो आणि घरात प्रश्न उभा राहतो, एवढा खर्च करायचा की गाडी काढून टाकायची? घाटावर याचं उत्तर बहुतेक वेळा इंजिनात सापडतं. कोकणात ते पत्र्यात सापडतं. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, शॉकअप यांतलं काहीही सुटं करून बदलता येतं. सांगाडा गंजला की मात्र गाडी आतून संपते आणि वरून चकचकीत दिसत राहते. म्हणून इंजिनच्या खर्चावर वाद घालण्याआधी गाडी लिफ्टवर चढवायला लावा.

आदल्या दिवशी गाडी खालून साध्या पाण्याने धुऊन वाळू द्या. तांबड्या चिखलाचा थर असेल तर खालचं काहीच दिसत नाही. सोबत विजेरी, जाड स्क्रूड्रायव्हर आणि एक लोहचुंबक ठेवा. सुरुवात दारांखालच्या लांब पट्ट्यापासून, म्हणजे सिलपासून करा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे टोक दाबून बघा. जॅक लावायच्या जागी पत्रा दबत असेल तर सिल आतून पोकळ झालेलं आहे. लोहचुंबक चिकटत नसेल तिथे पत्रा उरलेला नाही, पुट्टी आणि फायबर आहे.

मग पुढचा क्रॉसमेंबर (सांगाड्याचा आडवा दांडा), लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) जिथे बसतो ती जागा आणि मागच्या अ‍ॅक्सलचे माउंट बघा. बॉनेट उघडून दोन्ही शॉकअपच्या वरच्या वाट्यांभोवती जोड सुटलाय का, पापुद्रे निघतायत का तेही तपासा. बोलेरोसारख्या चासीवरच्या, म्हणजे खाली वेगळी लोखंडी चौकट असलेल्या गाडीत चासीच्या भोकांमधून आत गेलेला चिखल आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि चासी आतून खात जातो. तिथे स्प्रिंगच्या हँगरजवळ नीट ठोकून बघायला विसरू नका.

आतलं पायपुसणं उचलून कार्पेट दाबा. ओल लागली तर पाणी खालूनच आलंय असं नाही. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत काचेखालच्या जाळीत पाला साचतो, निचऱ्याचं भोक बुजतं आणि पावसाचं पाणी सरळ केबिनमध्ये उतरतं. दारांच्या खालची भोकंही अशीच बुजतात, म्हणून दारं नेहमी तळातून सडतात.

आता गंजाची प्रतवारी करायची. वरवरचा तांबूस गंज वायर ब्रशने खरवडून, रस्ट कन्व्हर्टर (गंज थांबवणारं रसायन) आणि झिंक प्रायमर लावून थांबवता येतो. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, ते बदलायचं. दार जुन्या बाजारातून मिळतं. फ्लोअरला तळहाताएवढं भोक असेल तर कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, दोन्ही बाजूंनी प्रायमर आणि सांध्यावर सीलर लावायचा. एवढ्यासाठी गाडी काढू नका.

पण सिल, क्रॉसमेंबर किंवा सस्पेन्शनचे माउंट खाल्ले गेले असतील तर तिथे थांबा. अपघातात धक्का झेलायचं काम याच भागांचं असतं. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, तिथे ब्रश पोचत नाही, आणि खाऱ्या हवेत नवा जोड सगळ्यांत आधी गंजतो. अशा जागी पुट्टी थापून वर काळं अंडरकोटिंग मारून देणारे भेटतात. ओल्या गंजावर मारलेलं कोटिंग ओल आतच कोंडून ठेवतं, सहा महिन्यांत पत्रा आणखी कुजतो. अशी गाडी घरच्या माणसांना घेऊन आंबा किंवा करूळ घाटात नेण्याच्या लायकीची राहत नाही.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर खवले आले असतील तर गळणारा तुकडा नव्हे, सगळ्या नळ्या बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, मग घाट उतरताना तापून उकळतं आणि पेडल खाली जातं. ते दर दोन वर्षांनी बदलायचंच. हा निर्णयाचा मुद्दा नाही, गाडी उद्या विकायची असली तरी हे काम आज करा.

सांगाडा पास झाला तरच इंजिनकडे वळा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. पेट्रोल इंजिनात आकडे साधारण १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान येतात, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो १०-१५ टक्क्यांच्या वर नको. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला लावा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील). नुसतं गॅस्केट असेल तर करून घ्या. निळा धूर आणि चालू इंजिनात ऑइलचं झाकण उघडल्यावर जोराने बाहेर येणारी वाफ म्हणजे मोठं काम. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, शॉकअप हा झीजेचा खर्च. त्यासाठी गाडी वाईट ठरत नाही.

आता पैसे. दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर गाडी काढा, असं सर्रास सांगतात. हा हिशेब अपुरा आहे. दर महिन्याला किती पडतं ते काढा. उदाहरणादाखल, गाडीला आज १,२०,००० येतात, दुरुस्ती ६०,००० ची आहे आणि सांगाडा दोन वर्षं सहज टिकेल. दोन वर्षांनी ८०,००० येतील असं धरा. दुरुस्तीचे महिना २,५००, किमतीतली घट १,६७० आणि नेहमीची देखभाल १,५०० मिळून ५,६७० रुपये. आता ८ लाखांची नवी गाडी, त्यात साडेसहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे १३,६५०. हप्ता म्हणजे सगळा खर्च नव्हे, म्हणून तोही नीट मांडू. दोन वर्षांत किंमत २ लाखांनी उतरली तर महिना ८,३३०, व्याज सरासरी ४,३२०, म्हणजे १२,६५०. विमा वेगळा. दुरुस्ती स्पष्टपणे स्वस्त.

पण हाच सांगाडा एकच वर्ष टिकणारा असेल आणि नंतर भंगारात २५,००० येणार असतील, तर जुन्या गाडीचा महिना १४,४०० वर जातो. बिल तेच, गाडी तीच, निकाल उलटा. लिफ्टवरची तपासणी आधी करायची ती यासाठी.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे नमुना २५ भरून, तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. २० वर्षांपर्यंतच्या कारला केंद्राचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये, त्यावर राज्याचा पर्यावरण कर. दिल्लीतला दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा नियम इथे लागू नाही, तेव्हा त्या भीतीने धडधाकट गाडी पडेल भावात देऊ नका. चौदाव्या वर्षी मोठा खर्च करणार असाल तर हे शुल्क आणि कर हिशेबात धरा. काढायचीच ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. भंगारवाल्याला दिलीत आणि आरसी रद्द केली नाहीत तर गाडी कागदावर तुमचीच राहते.

मुंबईकर चाकरमान्यांची गावी ठेवलेली गाडी हे वेगळं प्रकरण आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर ती उभीच असते. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरसाठी नवी गाडी घेणं परवडत नाही. पत्रा चांगला असेल तर दुरुस्तच करा, फक्त उंदरांनी कुरतडलेली वायरिंग आणि रबरी पेट्रोल पाइप तपासा. २०२३ आधीच्या बऱ्याच गाड्यांचे पाइप आणि सील ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत.

बदली म्हणून जुनीच गाडी घेणार असाल तर पुराचं पाणी लागलेली गाडी ओळखायला शिका. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर बघा, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा.

गाडी ठेवायची ठरली तर गॅरेजची वेळ एप्रिल-मेमध्येच घ्या. गणपतीच्या तोंडावर सगळी गॅरेजं भरलेली असतात आणि भर पावसात वेल्डिंग नीट होत नाही, प्रायमर नीट वाळत नाही. सिल आणि दारांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारून घ्या, निचऱ्याची भोकं मात्र मोकळी ठेवा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवरून आलात, वाळूत गाडी उतरवलीत, की त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुवा.