पहिल्यांदाच सहकुटुंब स्कीला: ला प्लान्यमधल्या आठवड्याची आखणी

फ्रेंच आल्प्समधलं ला प्लान्य म्हणजे एकच गाव नव्हे. १९६१ साली सुरू झालेल्या या रिसॉर्टमध्ये आज दहाएक वस्त्या आहेत. काही १२५०–१४५० मीटरवर झाडीत, बाकीच्या १८००–२१०० मीटरवर थेट बर्फात. उतार सव्वादोनशे किलोमीटरचे, आणि २००३ पासून चालणाऱ्या व्हानोआज एक्स्प्रेस या दुमजली केबलकारने दरीपलीकडच्या लेझार्क या रिसॉर्टला गेलात तर चारशेच्या वर. नवख्या कुटुंबाने या आकड्यांना भुलू नये. पहिल्या आठवड्यात यातले फार तर पाच-सात किलोमीटर वाट्याला येतात, तेही परत परत तेच. म्हणून बुकिंग करताना नकाशावर एकच अंतर मोजा: दारापासून शिकाऊ उतारापर्यंतचं. पायात स्कीचे बूट, खांद्यावर दोघांच्या स्की आणि हाताला रडवेलं पोर असलं की दोनशे मीटरसुद्धा पर्वती चढल्यासारखे वाटतात. बेल प्लान्य आणि प्लान्य बेलकोत इथे शिकाऊ उतार इमारतींना लागूनच आहेत. खालच्या वस्त्या दिसायला जास्त देखण्या, पण ऊन वाढलं की तिथला बर्फ लवकर विरघळतो.

आठवडा निवडताना आधी शाळेचं वेळापत्रक समोर घ्या. मे महिन्याची सुट्टी कामाची नाही, कारण स्की करणाऱ्यांना उतारावर वर नेणाऱ्या लिफ्ट एप्रिलअखेरीच्या आत बंद होतात. नाताळात भाव चढे असतात. फेब्रुवारीत फ्रान्समधल्या शाळांना तीन विभागांत आळीपाळीने सुट्ट्या पडतात, त्यामुळे जवळजवळ चार आठवडे गर्दी हटत नाही. जानेवारी स्वस्त, पण सकाळी उणे पंधरा अंशांत चार वर्षांच्या मुलाला उभं करणं अवघड. वार्षिक परीक्षा मार्चमध्येच संपणारी शाळा असेल तर मार्चचा शेवटचा आठवडा सर्वांत बरा. मात्र तेव्हा सकाळी बर्फ काचेसारखा कडक असतो आणि दुपारी दोननंतर त्याचा रबडा होतो. अशा ओल्या बर्फात स्की रुततात आणि गुडघे पिळवटतात, म्हणून दोनला थांबायचं.

बुकिंगचा क्रमही महत्त्वाचा. आधी मुलांचा स्कीवर्ग, मग घर, मग प्रवास. बहुतेक जण उलटं करतात आणि इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकाचा वर्ग भरलेला निघतो. ईएसएफ या फ्रेंच स्कीशाळेत तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी ‘पिऊ-पिऊ’ नावाचा वर्ग असतो. पहिल्या खेपेला अर्ध्या दिवसाचाच घ्या. आईवडिलांनीही शिक्षक करावा. एकमेकांना शिकवण्याच्या भानगडीत सुट्टीचा विचका होतो. नवख्यांनी पूर्ण क्षेत्राचा लिफ्टपास घेऊ नये, शिकाऊ भागाचा स्वस्त पास पुरतो.

घर चौघांचं म्हटलं तरी ते पंचवीस-तीस चौरस मीटरची एक खोली असू शकतं: बाहेर सोफा-कम-बेड आणि दारापाशी कोनाड्यात दुमजली पलंग. चौघांसाठी सहा जणांचं घर बघा. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का तेही विचारा, कित्येकदा नसतात.

घरं बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात, त्यामुळे सगळा आल्प्स त्याच दिवशी रस्त्यावर असतो. जिनिव्हा विमानतळापासून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. एरवी अडीच तासांचा हा रस्ता शनिवारी दुप्पट वेळ खातो. रविवारी सुरू होणारं घर मिळालं तर सोडू नका. रेल्वेने एम-ला-प्लान्य स्टेशनवर उतरून बसने वर जाता येतं. गाडी घेणार असाल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च इथल्या डोंगरी रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत. फ्रान्सला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात स्की आणि बर्फावरून उचलून आणण्याचा खर्च धरलाय का, ते बारीक अक्षरांत वाचा.

बूट भाड्यानेच घ्या, पण वेळ काढून. मापाचा आकडा म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. मोज्यांची एकच जोडी, पातळ आणि गुडघ्यापर्यंत. दोन जाड मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय गार पडतात. आतली थर्मल विजार बुटात खोचू नका, तिची घडी नडगीवर वळ उठवते. पाय घातल्यावर टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग घोट्याकडचे बकल आवळा, चवड्याकडचे सैलच ठेवा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. नाही सुटली तर बूट बदलून मागा, संकोच नको. दुकानात वजन आणि अनुभव खरा सांगा. त्यावर बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याचा, ताण ठरतो. नवखे असून ‘येतं थोडंफार’ म्हटलंत तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो. स्की चढवताना त्या उताराला आडव्या ठेवा, बुटाच्या तळाचा बर्फ खरवडून काढा आणि आधी खालच्या बाजूचा पाय अडकवा.

खाण्याची सोय घरूनच लावावी लागते. भारतातून युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर बाद. ताजा कढीपत्ताही नको. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी चालते. तूप तिथेच कढवा: ‘दू’ लिहिलेलं लोणी बिनमिठाचं, ‘दमी-सेल’ खारं. दोन हजार मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. तीन लिटरचा कुकर बॅगेत टाका, आणि शेगडी इंडक्शन असेल तर स्टीलचा, कारण ॲल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापत नाही. फोडणीआधी खिडकी उघडा. घरात धुराचा अलार्म असतो. बाहेर तार्तिफ्लेत हा बटाटा-चीजचा पदार्थ मागवताना ‘सां लार्दों’ म्हणा, नाहीतर बटाट्यात डुकराचं मांस येतं. चीजमधल्या प्राणिज रेनेटचं (दूध फाडायला वापरतात त्या, वासराच्या जठरातल्या अर्काचं) वावडं असेल तर तेही आधी विचारा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाय थकलेले असतात आणि धीर वाढलेला असतो, तेव्हा सांभाळा. कुणी पडून जखमी झालं तर वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवा, म्हणजे वरून येणारे वळून जातील. मग ११२ ला फोन करून उताराचं नाव आणि कडेच्या खांबावरचा क्रमांक सांगा. हे क्रमांक खाली येताना उतरत जातात. जवळचा खांब दिसत नसेल तर शेवटचा ओलांडलेला सांगा.