टॉप टीमसाठी सेकंड ड्रायव्हर कसा निवडायचा

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक टीमच्या दोन गाड्या आणि दोन ड्रायव्हर असतात. मोठ्या टीमची दुसरी सीट रिकामी झाली की सगळीकडे एकच चर्चा, सध्या सगळ्यात फास्ट कोण मिळतोय. माझ्या मते गडबड इथूनच सुरू होते. पहिला प्रश्न स्वतःच्या गाडीबद्दल विचारा. तुमच्या नंबर वन ड्रायव्हरशिवाय ती गाडी दुसऱ्या कुणाला नीट चालवता येते का? याचं प्रामाणिक उत्तर नसताना कुणालाही साइन केलंत तर सहा महिन्यांनी परत तीच सीट भरायला बसाल, आणि मधल्या मध्ये एका चांगल्या पोराच्या करिअरची वाट लागलेली असेल.

रेड बुलचंच घ्या. २०१८ च्या शेवटी रिकार्डो गेला आणि २०२५ संपेपर्यंत त्या सीटवर गॅसली, अल्बन, पेरेझ, लॉसन, त्सुनोडा असे पाच जण बसून गेले. गॅसलीला २०१९ मध्ये १२ रेसनंतर खाली पाठवलं, तर तो टोरो रोसोमध्ये (रेड बुलचीच धाकटी टीम) जाऊन त्याच वर्षी ब्राझीलला दुसरा आला आणि पुढच्या वर्षी मोंझाची रेस जिंकला. अल्बननं विल्यम्समध्ये जाऊन टीमला परत उभं केलं. माणसं तीच, फक्त गाडी वेगळी. रेड बुलचा नंबर वन वर्स्टॅपन, त्याला गाडीचं पुढचं टोक खूप शार्प लागतं, स्टिअरिंग जरा फिरवलं की नाक आत वळलं पाहिजे, त्यात मागचं टोक सैल झालं तरी तो हाताळतो, आणि तोच सगळ्यात फास्ट असल्यामुळे डेव्हलपमेंट त्याच्या आवडीकडे झुकत जाते, म्हणजे प्रत्येक अपग्रेडनंतर दुसऱ्याला ती गाडी अजूनच अवघड. अल्बननं नंतर सांगितलं होतं की गेम खेळताना माउसची सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर नेली तर कसं होईल, तसं ते वाटायचं.

म्हणून यादी करायच्या आधी इंजिनिअर लोकांना बसवा आणि विद्यमान दोन ड्रायव्हर्सचा डेटा एकावर एक ठेवून बघा. सेकंड ड्रायव्हर टाइम नक्की कुठे घालवतोय? ब्रेक सोडून गाडी वळवतानाच जात असेल आणि तेही प्रत्येक ट्रॅकवर, तर तो गाडीचा स्वभाव आहे, नवीन माणूस आणून तो बदलणार नाही. मग दोनच रस्ते उरतात, एक तर गाडी थोडी शांत करायची, किंवा तशाच सैल मागच्या टोकाची सवय असलेला ड्रायव्हर शोधायचा, आणि असे फार कमी असतात.

आता दुसरा मुद्दा, किती मागे चालेल? तो नंबर वनच्या मागे आहे एवढ्यावर अडू नका. टॉप टीम्समधला फरक इतका कमी असतो की क्वालिफाइंगमध्ये (रेस कुठल्या जागेवरून सुरू करायची ते ठरवणारं सेशन) तीन दशांश सेकंद गेले की माणूस दुसऱ्या रांगेतून चौथ्या पाचव्या रांगेत जातो, आणि तिथे गेला की रेसमध्ये त्याचा पहिल्या ड्रायव्हरला काही उपयोग उरत नाही. याचं मला सगळ्यात स्पष्ट वाटणारं उदाहरण म्हणजे २०१९ ची हंगेरी. वर्स्टॅपन लीड करत होता, हॅमिल्टन त्याच्या मागे आणि त्या दोघांच्या मागे बराच वेळ कुणीच नाही. म्हणून मर्सिडीजला हॅमिल्टनला एक जादा पिट स्टॉप द्यायला काही धोकाच नव्हता, दुसरी जागा जाणारच नव्हती. ताजे टायर घेऊन त्यानं सुमारे २० सेकंद भरून काढले आणि शेवटच्या काही लॅप उरलेल्या असताना ओव्हरटेक केला. गॅसली त्या दिवशी एक लॅप मागे, सहावा. तो हॅमिल्टनच्या मागे १५ सेकंदांवर जरी असता तरी तो स्टॉप घेण्याआधी मर्सिडीजला दहादा विचार करावा लागला असता.

याच्या उलट २०२१ ची अबू धाबी. पेरेझनं जुन्या टायरवर हॅमिल्टनला जे काही अडवून धरलं, त्यानं वर्स्टॅपन कित्येक सेकंद जवळ आला. दोघंही ३६९.५ पॉइंटवर बरोबरीत असलेल्या शेवटच्या रेसमध्ये! म्हणून पेरेझला सरसकट वाईट म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. २०२३ मध्ये तो चॅम्पियनशिपमध्ये दुसरा होता. पण २०२४ चे आकडेही झाकता येत नाहीत. वर्स्टॅपन ४३७, पेरेझ १५२, टीमचे ५८९, आणि मॅकलॅरेन ६६६ वर कन्स्ट्रक्टर्स टायटल (दोन्ही ड्रायव्हर्सचे पॉइंट मिळून टीमला मिळणारं) घेऊन गेली. पेरेझनं २३० काढले असते तरी ते टायटल रेड बुलकडे राहिलं असतं, आणि मॅकलॅरेनच्या पिआस्त्रीनं त्याच वर्षी २९२ काढले होते. २०२५ मध्ये तर वर्स्टॅपनचं स्वतःचं टायटल २ पॉइंटनं गेलं, मॅकलॅरेनचा नॉरिस ४२३, वर्स्टॅपन ४२१. वर्षभरात मोजक्या रेसमध्ये जरी दुसरी रेड बुल नॉरिसच्या पुढे असती तर हिशोब फिरला असता. कन्स्ट्रक्टर्समधल्या जागेवर बक्षिसाचे पैसे ठरतात, त्यामुळे दुसऱ्या सीटवर केलेली बचत किती महाग पडते ते अकाउंट्सवाल्यांनाही दाखवा.

मग दोन्ही सीटवर सुपरस्टार घ्यायचे का? ते तुमची गाडी बाकीच्यांपेक्षा किती पुढे आहे त्यावर आहे. २०१४ ते २०१६ मर्सिडीज इतकी पुढे होती की हॅमिल्टन आणि रोझबर्ग भांडले, २०१६ मध्ये बार्सिलोनात पहिल्याच लॅपला एकमेकांना घेऊन बाहेर गेले, तरी दोन्ही टायटल घरातच राहिली. पण २००७ मध्ये मॅकलॅरेनकडे अलोन्सो आणि हॅमिल्टन, दोघांचे १०९, आणि फेरारीचा रायकोनेन ११० घेऊन चॅम्पियन. १९८६ मध्ये विल्यम्सच्या मॅन्सेल आणि पिकेच्या मधून प्रोस्ट असाच निघून गेला होता. थोडक्यात गाडी जेमतेम बरोबरीची असेल तर दोन राजे ठेवताना नियम आधी ठरवून ठेवा. आणि दुसरा माणूस नुसता मदतनीस पाहिजे असं म्हणणाऱ्यांनी १९९९ आठवा, सिल्व्हरस्टोनला शूमाकरचा पाय मोडला आणि फेरारीची सगळी मदार अर्व्हाइनवर आली. तो टायटल २ पॉइंटनं हरला, पण फेरारीनं कन्स्ट्रक्टर्स जिंकली. तुमचा नंबर वन सहा रेस बाहेर बसला तर टीम कोण ओढणार, हे निवडतानाच विचारून ठेवायचं.

उमेदवार तपासताना पोडियम (पहिल्या तीनातल्या जागा) मोजू नका, ते गाडीचे असतात. टीममेटशी तुलना बघा, आणि तीही क्वालिफाइंगच्या सरासरीपुरती नाही, तर रेसमध्ये जुन्या टायरवर लॅप टाइम कसा टिकतो, ओल्या ट्रॅकवर काय करतो, खराब वीकेंडला सातवा येतो की बाराव्यावर जाऊन आदळतो. मला तर त्याचे सगळ्यात वाईट पाच वीकेंड आधी बघायचेत. अपघातांचाही हिशोब ठेवा, कारण ड्रायव्हरचा पगार बजेट कॅपच्या (टीमच्या वर्षभराच्या खर्चावरची मर्यादा) बाहेर असला तरी मोडलेले पार्ट कॅपच्या आत येतात, म्हणजे ठोकाठोकी करणारा ड्रायव्हर तुमचे अपग्रेड खातो.

या सगळ्यात बसणारा माणूस २०२४ मध्ये सगळ्यांसमोर उभा होता, कार्लोस साइन्झ. २०२३ मध्ये २२ पैकी २१ रेस रेड बुलनं जिंकल्या, उरलेली एक सिंगापूर, ती यानं काढली. २०२४ ला अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर सोळा दिवसांनी ऑस्ट्रेलिया जिंकला. हॅमिल्टन येणार म्हणून फेरारीनं त्याला सोडलेलं, आणि रेड बुलनं जूनमध्ये पेरेझचा काँट्रॅक्ट वाढवला, डिसेंबरमध्ये तोच तोडला. साइन्झ विल्यम्सला गेला. २०१५ मध्ये टोरो रोसोत वर्स्टॅपन आणि साइन्झ टीममेट होते आणि तेव्हा जमलं नव्हतं म्हणतात, पण तेव्हा दोघं पोरं होती, दहा वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर असा ड्रायव्हर सोडणं मला अजिबात पटलं नाही. काँट्रॅक्टचा धडा इथेच घ्या, फॉर्म घसरत असताना नुसतं आत्मविश्वास द्यायला म्हणून मुदत वाढवू नका, परफॉर्मन्स क्लॉज घाला. उलट दरवर्षी एकेक वर्ष वाढवणंही बरं नाही. मर्सिडीजनं बोटासला तसंच ठेवलं, पाच वर्षांत पाच कन्स्ट्रक्टर्स टायटल आली हे खरं, पण बिचाऱ्याची दर उन्हाळ्यात सीट राहणार की जाणार हीच चर्चा. दोन वर्षं आणि मधे एक स्पष्ट अट, हे मला योग्य वाटतं. आणि कागद पक्के ठेवा, अल्पिननं २०२२ मध्ये पिआस्त्रीचं नाव जाहीर केलं, त्यानं मी तुमच्याकडे येत नाही म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं, आणि असे वाद सोडवणाऱ्या काँट्रॅक्ट बोर्डानं निकाल मॅकलॅरेनच्या बाजूनं दिला.

नवीन पोरगा घ्यायचा असेल तर फॉर्म्युला टूच्या (फॉर्म्युला वनच्या खालची सिरीज) पॉइंट टेबलवर जाऊ नका, त्याला जुन्या गाडीत भरपूर पळवा. २०२२ मध्ये मॅकलॅरेननं आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाला सिल्व्हरस्टोनला जुन्या गाडीत टेस्ट दिली होती ती याच प्रकारातली. मर्सिडीजनं अँटोनेलीला असंच महिनोन्महिने तयार केलं आणि २०२५ ला १८ वर्षांचा असताना पहिल्याच रेसमध्ये तो मेलबर्नच्या पावसात चौथा आला. आणि अचानक संधी आली तर ती वापरा. हॅमिल्टनला कोविड झाला म्हणून २०२० ला साखीरमध्ये रसेलला बसवलं, तर क्वालिफाइंगमध्ये तो बोटासच्या फक्त ०.०२६ सेकंद मागे होता आणि रेसमध्ये बराच वेळ त्याच्या पुढे. मर्सिडीजला पुढचा ड्रायव्हर त्याच वीकेंडला दिसला असणार.

टीम ऑर्डरचं, म्हणजे टीममेटला पुढे सोडायच्या हुकमाचं, सही करायच्या आधीच बोला. कधी बाजूला व्हायचं, कितव्या रेसपासून, किती पॉइंटचा फरक असताना, सगळं लिहून. ऑस्ट्रिया २००२ ला फेरारीनं बॅरिकेलोला शूमाकरसाठी शेवटच्या सरळ रस्त्यावर वेग कमी करायला लावला आणि पोडियमवर लोकांनी हुर्यो उडवली, २०१३ ला मलेशियात रेड बुलच्या वेटेलनं ऑर्डर धुडकावली आणि टीममेट वेबरशी कायमचं बिनसलं. आयत्या वेळी रेडिओवर सांगितलं की असंच होतं.

शेवटचं म्हणजे त्याला वेळ द्या, पण मोजून. लॉसनला २०२५ मध्ये मेलबर्न आणि शांघाय मिळाले, दोन्ही ट्रॅकवर तो फॉर्म्युला वनमध्ये कधीच रेसला उतरलेला नव्हता, त्यात मेलबर्नला एक प्रॅक्टिस गाडीच्या बिघाडात गेली आणि शांघायला स्प्रिंट (एक जादा छोटी रेस) असल्यामुळे प्रॅक्टिसच एक. तेवढ्यावर निकाल लावून जपानच्या आधी काढला. असं करू नका. अनुभवी रेस इंजिनिअर द्या, नवीन पार्ट दोन्ही गाड्यांवर एकाच वीकेंडला येतील असं बघा, आणि पहिला आढावा निदान आठ रेसनंतर ठेवा, ज्यात त्याच्या ओळखीचे तीनचार ट्रॅक येऊन गेलेले असतील. ती तारीख त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.