रिओ ग्रांदेवर सी-ट्राऊट धरायला जाताय? या चुका टाळा

दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, तिएरा देल फुएगो बेटावर, रिओ ग्रांदे नावाची नदी चिलीत उगम पावते आणि अर्जेंटिनात अटलांटिकला मिळते. दोन्ही काठांना मेंढ्यांची कुरणं, झाड म्हणाल तर औषधालाही नाही. या नदीत ट्राऊट मुळात नव्हताच. १९३५ साली जॉन गुडॉल यांनी चिलीहून ब्राऊन ट्राऊटची अंडी आणून उपनद्यांत सोडली. त्यातले काही मासे समुद्रात उतरले, तिथे पोसले गेले आणि अंडी घालायला नदीत परतू लागले; हेच सी-ट्राऊट. आज इथे आठ-दहा पौंडांचा मासा नेहमीचा, वीस पौंडांच्या वरचाही अधूनमधून लागतो. त्यासाठी जगभरचे हौशी लोक भरपूर पैसे मोजून आठवडाभर इथल्या लॉजवर येऊन राहतात. त्या आठवड्याचा मोठा भाग वाया जातो तो एका हट्टापायी: फ्लाय, म्हणजे पिसं-दोरे बांधून केलेलं गळाचं खोटं आमिष, लांब फेकायची.

वाऱ्याशी झुंजू नका

इथला वारा पश्चिमेचा, आणि उन्हाळ्यात तो दिवसदिवस थांबत नाही. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर म्हणजे इथे रोजचंच. लॉजवर नवा आलेला माणूस पहिल्या सकाळी नदीचा पलीकडचा काठ बघतो आणि सगळा जोर लावून तिकडे फेकायला लागतो. दोर हवेत गुंडाळतो, लीडरला (दोर आणि फ्लाय जोडणाऱ्या बारीक धाग्याला) गाठी पडतात, तासाभरात खांदा भरून येतो.

मासा मात्र बहुतेक वेळा तुमच्याच बाजूला, पाण्याने पोखरलेल्या काठाखाली नाहीतर उथळ पाणी जिथे अचानक खोल होतं त्या कडेला असतो. म्हणून डोहावर पोचल्या पोचल्या पाण्यात उतरू नका. काठापासून दोन पावलं मागे उभे राहा, चार-पाच मीटर दोर सोडा आणि आधी जवळचं पाणी धुंडाळा. मग हळूहळू दोर वाढवा. गुडघाभर पाण्यात जाऊन उभं राहिलात तर ज्या माशासाठी इतके लांब आलात, तोच तुमच्या पायांनी बिथरेल.

दुसरी गोष्ट दिशेची. नदी साधारण पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, म्हणजे वारा बऱ्याचदा प्रवाहाच्याच दिशेने असतो. दोन हातांच्या रॉडने फेकत असाल तर अशा वाऱ्यात डबल स्पे किंवा स्नेक रोल करा; दोर मागे न उडवता पाण्यावरूनच वळवून फेकायच्या या पद्धती. दोर तुमच्यापासून प्रवाहाच्या खालच्या बाजूला पडतो आणि गळ अंगापासून लांब राहतो. याच वाऱ्यात सिंगल स्पे हा त्यांच्याच जातीचा दुसरा प्रकार केलात तर फ्लाय थेट तोंडावर येते. पण नदी सारखी वळणं घेते, त्यामुळे एका डोहावर बरोबर असलेला कास्ट (फेक) पुढच्या डोहावर धोक्याचा ठरतो. प्रत्येक ठिकाणी आधी वारा कुठल्या गालाला लागतोय ते बघा. एका हाताच्या रॉडला वारा उजव्या खांद्यावर येत असेल तर दोर डाव्या खांद्यावरून घ्या. चष्मा आणि टोपी रात्रीच्या अंधारातही काढू नका.

फ्लाय बदलत बसू नका

तासभर काही लागलं नाही की हात फ्लायच्या डबीकडे जातो. सी-ट्राऊट नदीत आल्यावर जवळजवळ खातच नाही, त्यामुळे फ्लायच्या रंगापेक्षा ती किती खोल आणि किती वेगाने जाते याला जास्त महत्त्व आहे. आधी सिंक टिप, म्हणजे दोराचं बुडणारं टोक, बदलून बघा. फ्लाय सारखी तळाच्या गोट्यांना अडकते? हलकी टिप लावा. एकदाही तळाला शिवत नाही? जड लावा, किंवा दोर पाण्यावर पडताच प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाका म्हणजे फ्लायला बुडायला सवड मिळते. जड टिपमागे लीडर तीन-चार फुटांपेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर टिप खाली आणि फ्लाय वर तरंगत राहते. एवढं करूनही काही झालं नाही तर फ्लाय बदला: भर उन्हात, उतरलेल्या पाण्यात छोट्या निंफ (पाणकिड्यांच्या पिल्लांसारख्या फ्लाय), संध्याकाळी मोठी काळी लीच (जळूसारखी फ्लाय).

प्रत्येक कास्टनंतर एक-दोन पावलं प्रवाहाच्या दिशेने खाली सरका. एकाच जागी खिळून राहिलात तर तुमचा जोडीदारही मागे अडकतो, कारण इथे दोघांना मिळून एक गाईड असतो आणि डोह आळीपाळीने वापरायचा असतो.

हिसका मारू नका

गळाला काही लागलं की रॉड वर झटकायचा, ही सवय आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात मुरलेली असते. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर छोटा ट्राऊट धरताना ती चालून जाते. इथे फ्लाय माशाच्या तोंडातून सरळ बाहेर येते. रॉडचं टोक पाण्याजवळ ठेवा, दोर डाव्या हाताने घट्ट ओढा, वजन जाणवलं की मगच रॉड उचला. मासा उडी मारेल तेव्हा टोक खाली करा. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे दोर क्षणभर सैल पडला तरी मासा गेला. गाईड आणि त्याचं जाळं यांच्यावर विश्वास ठेवा आणि माशाला गोट्यांवर ओढून आणू नका.

दुपारी झोपा

लॉजचा दिवस दोन पाळ्यांत असतो: सकाळ, मग जेवण आणि झोप, मग संध्याकाळ ते अंधार. जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, रात्री दहाच्या सुमारास अंधारतं. दिवसा खोल पाण्यात दबून राहिलेले मासे शेवटच्या तासात डोहाच्या शेपटाकडे, म्हणजे खालच्या टोकाच्या उथळ पाण्यात सरकतात. माझ्या मते आठवड्यातला सगळ्यात मोलाचा वेळ हाच. दुपारी गप्पा मारत बसलेली माणसं नेमकी तेव्हा गारठून गाडीत जाऊन बसतात.

निघण्याआधी

बुएनोस आयरेसला आंतरराष्ट्रीय विमान बहुधा एसेइसा विमानतळावर उतरतं, तर रिओ ग्रांदेचं बरेचदा शहरातल्या आएरोपार्केहून सुटतं. मध्ये एक रात्र ठेवा. सामान मागे राहिलं तर ते दूरच्या कुरणावरच्या लॉजपर्यंत पोचायला दिवस जातात. देशांतर्गत विमानात वजनाची मर्यादाही कमी असते. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच स्पष्ट कळवा, कारण इथल्या स्वयंपाकघरात मेंढीचं मांस हाच मुख्य पदार्थ. सुती कपडे नेऊ नका. लोकरीचे पातळ थर आणि वारा अडवणारं जाकीट पुरेसं होतं.

मासा सोडताना

इथे मासा धरून परत सोडायचाच असतो. हा मासा पुन्हा पुन्हा समुद्रात जाऊन अनेक वर्षं परत येतो, म्हणून वीस पौंडांचा एक मासा म्हणजे नदीची कित्येक वर्षांची कमाई आहे. हात ओले करा, कल्ल्यांना बोटं लावू नका, फोटो घ्यायचाच तर कॅमेरा तयार झाल्यावर दोन-तीन सेकंद पाण्याबाहेर धरा. मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला आधार द्या, तो स्वतः निसटून जाईपर्यंत.

बुटांना फेल्टचे (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचे) तळवे नकोत, रबराचेच घ्या. डिडिमो हे चिकट शेवाळ २०१० मध्ये पॅटागोनियातल्या नद्यांत सापडलं आणि ते ओल्या बुटांवरून, वेडर्सवरून (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारींवरून) पसरतं. लॉजवर जाताना आणि निघताना दोन्ही वेळा बूट आणि वेडर्स धुऊन कडक वाळवा. परत आल्यावर हिमाचलात किंवा काश्मीरमध्ये जाणार असाल तर पुन्हा एकदा.