‘पहिला’, ‘प्रथम’ की ‘आधी’? नेमका शब्द कसा निवडावा

‘मी पहिल्यांदा साताऱ्याला गेलो’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. साताऱ्याला जाण्याची ती माझी आयुष्यातली पहिली वेळ होती, हा एक अर्थ. आणि त्या प्रवासात मी आधी साताऱ्याला गेलो, नंतर पुढे कोल्हापूरला किंवा सांगलीला, हा दुसरा. बोलताना आवाजाच्या चढउताराने हा गुंता सुटतो, लिहिताना मात्र तो वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतो. गेली अनेक वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करतो आणि जे साधे शब्द लेखक न तपासता पुढे सोडून देतात, त्यांत ‘पहिला’ आणि त्याचे भाऊबंद अग्रभागी आहेत. वरच्या वाक्याचा उपाय एका अक्षराचा आहे. पहिली वेळ सांगायची असेल तर ‘पहिल्यांदाच’ असे लिहावे आणि क्रम सांगायचा असेल तर ‘आधी’ किंवा ‘प्रथम’ वापरून पुढे ‘मग’ अथवा ‘नंतर’ जोडावे. ‘मी पहिल्यांदाच साताऱ्याला गेलो’ आणि ‘मी आधी साताऱ्याला गेलो, मग कोल्हापूरला’ ही दोन वाक्ये कोणी एकमेकांच्या जागी वाचणार नाही.

या तिन्ही शब्दांची कामे मुळात वेगळी आहेत. ‘पहिला’ हे क्रमवाचक विशेषण असून ते रांगेतली जागा सांगते. ‘आधी’ दोन घटनांमधले वेळेचे नाते सांगते. ‘प्रथम’ ही दोन्ही कामे करते, पण ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेले असल्यामुळे त्याचा सूर औपचारिक राहतो. ‘पहिला’ लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे बदलतो: पहिला मुलगा, पहिली मुलगी, पहिले मूल, पहिल्या मुलाला. ‘प्रथम’ कोठेही बदलत नाही. आदरार्थी वचनात मात्र ‘पहिला’ लिहिताना सांभाळावे लागते, कारण बातम्यांमध्ये ‘देशाची पहिली महिला राष्ट्रपती’ असे सर्रास छापले जाते. प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये त्या पदावर आल्या, तेव्हा त्या देशाच्या ‘पहिल्या महिला राष्ट्रपती’ झाल्या. ‘आल्या’ आणि ‘झाल्या’ लिहिणाऱ्याने ‘पहिली’ लिहू नये. हाच नियम ‘यशवंतराव चव्हाण हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री’ या वाक्यातही पाळला जातो.

‘पहिला’ या शब्दाला ‘पूर्वीचा’ असाही जुना आणि पक्का अर्थ आहे. ‘आता त्याची तब्येत पहिल्यासारखी राहिली नाही’ यात कसलीही रांग नाही. खूप खटपट करूनही माणूस मूळ जागीच परतला की आपण ‘पहिले पाढे पंचावन्न’ म्हणतो, त्यातले ‘पहिले’ही याच अर्थाचे आहे. म्हणून ‘त्याने पहिली नोकरी सोडली’ असे लिहिल्यावर ती त्याची आयुष्यातली पहिली नोकरी होती की आताच्या नोकरीच्या अगोदरची, हे वाचकाला कळत नाही. दुसरा अर्थ अभिप्रेत असेल तर ‘आधीची’ किंवा ‘पूर्वीची’ हे शब्द हाताशी आहेत. विदर्भात ‘मी पहिलेच सांगितलं होतं’ हे रोजचे बोलणे आहे आणि तेथील संवाद लिहिताना ते तसेच ठेवावे, बदलू नये. प्रमाण लेखनात त्या जागी ‘आधीच’ किंवा ‘अगोदरच’ येते, एवढे लक्षात असले म्हणजे पुरे.

‘प्रथम’ कोठे शोभते हे त्याच्या जोडशब्दांवरून सहज समजते: प्रथमोपचार, प्रथमदर्शनी, प्रथम वर्ष, प्रथम क्रमांक. शाळेत मूल ‘पहिलीत’ असते आणि महाविद्यालयात तेच ‘प्रथम वर्षाला’ जाते. ही वाटणी रूढीने ठरवली आहे आणि ती उलटवून चालत नाही. घरात मात्र कोणीही ‘माझ्या मुलीचा प्रथम क्रमांक आला’ असे म्हणत नाही, ‘पहिला नंबर आला’ असेच म्हणते आणि तेच कानाला गोड लागते. स्पर्धेचा निकाल लिहिताना शब्दांची जागाही अर्थ बदलते. ‘पहिले तीन क्रमांक आमच्या शाळेला मिळाले’ म्हणजे एकाच स्पर्धेत पहिला, दुसरा आणि तिसरा. ‘तीन प्रथम क्रमांक मिळाले’ म्हणजे तीन वेगवेगळ्या स्पर्धांमध्ये अव्वल. अर्जावरच्या ‘आडनाव प्रथम लिहावे’ या सूचनेत ‘प्रथम’ नेमके बसते, पण जेथे नुसते ‘पहिले नाव’ असा रकाना असतो तेथे आडनावाने सुरुवात करण्याची सवय असलेले लोक आडनावच भरतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते. अर्ज तयार करणाऱ्याने तेथे ‘स्वतःचे नाव’ असे छापावे. ‘सर्वात प्रथम’ आणि ‘प्रथम सुरुवात’ ही मात्र निव्वळ पुनरुक्ती आहे. ‘सर्वप्रथम’ किंवा नुसते ‘प्रथम’ पुरते.

माणसांबद्दल लिहिताना आणखी दोन शब्द उपयोगी पडतात. भावंडांमध्ये जो सर्वांत मोठा तो ‘थोरला’. ‘पहिला मुलगा’ हा जन्माचा क्रम झाला, तर ‘थोरला’ या शब्दात घरातले स्थानही येते. 1720 ते 1740 या काळात पेशवेपदावर असलेले बाजीराव स्वतःच्या हयातीत ‘पहिले’ नव्हतेच. 1796 मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाल्यावर इतिहासलेखनाला क्रमांक लावावा लागला. लोकांच्या तोंडी ते ‘थोरले बाजीराव’ म्हणून राहिले आणि मला स्वतःला हेच रूप अधिक मराठमोळे वाटते. दुसरा शब्द ‘आद्य’. ज्याच्यामागून परंपरा सुरू झाली, त्याच्यासाठी तो राखून ठेवलेला आहे. 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे आद्य मराठी पत्रकार आणि वासुदेव बळवंत फडके हे आद्य क्रांतिकारक. ‘आद्य मुख्यमंत्री’ असे कोणी म्हणत नाही, कारण मुख्यमंत्रीपद हे एकापाठोपाठ एक भरले जाणारे पद आहे, कोणी पाडलेला पायंडा नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘पहिला’ हा शब्द रांगेशिवाय उभा राहू शकत नाही, म्हणून तो लिहिण्याआधी रांग कोणती ते स्वतःला विचारावे आणि ती वाक्यात स्पष्ट लिहावी. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ती भारतातील पहिली ‘प्रवासी’ रेल्वे होती. मद्रासकडे मालवाहतुकीसाठी त्याआधीच रूळ टाकले गेले होते, त्यामुळे ‘प्रवासी’ हा शब्द गाळला की वाक्य खोटे ठरते. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी लिहिताना तर अधिक जपावे लागते. त्यांनी 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळवली. त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. आनंदीबाई मायदेशी परतल्या, पण फेब्रुवारी 1887 मध्ये त्यांचे निधन झाले आणि वैद्यकी करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. कादंबिनींनी ती केली, पुढे लंडनहून शिकून आलेल्या रखमाबाईंनी सुरतेत आणि राजकोटमध्ये दीर्घकाळ केली. ‘पहिली भारतीय महिला डॉक्टर’ या चार शब्दांत पदवी, पदवीचे ठिकाण आणि प्रत्यक्ष रुग्णसेवा या तीन वेगळ्या रांगा एकत्र कोंबल्या जातात आणि तिघींपैकी कोणालाच न्याय मिळत नाही. ‘अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी घेणाऱ्या पहिल्या मराठी स्त्री’ असे लिहिले तर वाक्य थोडे लांबते, पण ते खरे राहते आणि आनंदीबाईंचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

‘आधी’बद्दल थोडेच सांगायचे आहे. सामान्यरूपाला जोडताना तो एका शब्दात लिहावा: जेवणाआधी, निघण्याआधी, ‘च्या’ आल्यास सुटा: जेवणाच्या आधी. तारखेबरोबर मात्र नीट विचार करावा. ‘31 मार्चपूर्वी’ किंवा ‘31 मार्चच्या आधी’ म्हटल्यावर तो दिवस मुदतीत धरला जात नाही आणि ‘31 मार्चपर्यंत’ म्हटल्यावर धरला जातो. सूचना लिहिणाऱ्याने हा फरक सांभाळला नाही, तर शेवटच्या दिवशी कार्यालयात आलेला माणूस उगाच परत जातो.

शिवाय पहिलेपणासाठी मराठीत असेही काही शब्द आहेत जे व्याकरणाच्या पुस्तकात सहसा येत नाहीत. भाजीवालीची दिवसातली पहिली विक्री म्हणजे ‘भवानी’, काही ठिकाणी ‘भोवनी’. सकाळी मेथीच्या जुडीचे पैसे हातात पडले की ती नोट कपाळाला लावते, मगच कमरेच्या पिशवीत ठेवते. ‘अजून भवानी झाली नाही, उधार मागू नका’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हा शब्द लेखनात आला तर त्याच्या जागी ‘पहिली विक्री’ करू नये. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत आहे. मापारी पायली भरून पोत्यात रिती करतो, ‘लाभ’ म्हणतो आणि पुढची पायली भरताना ‘दोन’पासून मोजणी चालू ठेवतो.