रिलेमार्गे पाठवलेलं खरंच पोचलं का?

माझी दोन्ही मशिन नॅटच्या (अनेक मशिनना एकच सार्वजनिक पत्ता देणाऱ्या राउटरच्या) आड आहेत. थेट जोडणी होत नाही, म्हणून रात्रीचा बॅकअप मी रिले सर्व्हरमार्गे, म्हणजे मधल्या निरोप्या सर्व्हरमार्गे पाठवते. लॉगमध्ये रोज ‘पाठवलं’ दिसायचं. एका रात्री रिले मध्येच रीस्टार्ट झाला आणि मेमरीत साठलेली त्याची रांग पुसली गेली. माझ्या लॉगमध्ये त्या रात्रीही ‘पाठवलं’च होतं. हे कळलं तेव्हा नेमकी तीच फाईल मला हवी होती.

टीसीपीची (जोडणीवरून डेटा पाठवायच्या पद्धतीची) पोच, म्हणजे डेटा मिळाल्याची खूण, रिलेपर्यंतचीच असते. पुढची जोडणी वेगळी, तिथे काय झालं ते आपल्याला दिसत नाही. शिवाय ती पोच समोरच्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) बाइट घेतले इतकंच सांगते. प्रोग्रामने ते वाचले की नाही, हे नाही. म्हणून खरी पोच शेवटच्या टोकाकडूनच घ्या.

प्रत्येक संदेशाला क्रमांक द्या, सोबत एसएचए-२५६ हॅश (डेटावरून काढलेला ठसा) पाठवा. घेणाऱ्याने हॅश ताडावा, डेटा डिस्कवर लिहावा, एफसिंक करावं (तो खरंच डिस्कवर उतरवून घ्यावा) आणि त्यानंतरच पोच पाठवावी. ती हातात येईपर्यंत आपली प्रत खोडू नका. पोचही वाटेत हरवू शकते, तेव्हा तोच संदेश पुन्हा जाईल. घेणाऱ्याने क्रमांक पाहून दुसरी प्रत टाकून द्यावी, पण पोच मात्र पुन्हा द्यावी. हे शेवटचं मी सुरुवातीला विसरले होते आणि एकच फाईल रात्रभर जात राहिली.

पुन्हा पाठवताना १, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवत न्या, त्यात थोडी यादृच्छिक भर घाला. नाहीतर रिले उठताच सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडतात.

टर्न (नॅट ओलांडण्यासाठीची प्रमाणित पद्धत) रिले वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा: ॲलोकेशन (रिलेवर मिळालेला पत्ता) मुळात १० मिनिटांचं, परमिशन (समोरच्याचा डेटा येऊ देण्याची परवानगी) ५ मिनिटांची. मुदतीआधी नूतनीकरण करा. यूडीपीवर (पोच न देणाऱ्या पद्धतीवर) हरवलेलं पॅकेट टर्न पुन्हा पाठवत नाही.

लिनक्समध्ये टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते पाहणारी सोय) चालू केला, तरी पहिली चाचपणी मुळात ७२०० सेकंदांनी होते. तोवर मेलेली जोडणी जिवंतच भासते. मी दर २० सेकंदांनी स्वतःचा छोटा संदेश टोकापर्यंत पाठवते आणि त्याचं उत्तर तपासते.

हे सगळं झालं की मोठी फाईल लावा आणि अर्ध्यावर रिलेची प्रोसेस ‘किल -९’ने मारा. रिले पुन्हा सुरू करा, दोन्ही टोकांचे हॅश जुळवा. मग घेणाऱ्याची प्रोसेस मारून हेच करा.