पवनचक्कीची तयार पाती घेताय? या चुका टाळा

"ही 1000 वॅटची पाती" असं विकणारा सांगतो आणि आपण लगेच ऑर्डर देऊन मोकळे होतो. वीज तयार करतो जनरेटर. पात्यांनी त्याला हव्या तेवढ्या फेऱ्यांवर, हव्या तेवढ्या जोराने फिरवायचं असतं. म्हणून जोडी जुळवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

खोक्यावरचा आकडा बहुधा सेकंदाला 12 मीटर, म्हणजे ताशी 43 किलोमीटर वाऱ्याचा असतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. 2 मीटर व्यासाच्या चांगल्या पात्यांना 12 मीटर वाऱ्यात साधारण 900 वॅट मिळतात, 6 मीटरला जेमतेम 110. सोलापुरात आषाढात नैर्ऋत्येचा वारा दिवसदिवस वाहतो, पण थंडीत तो पडतो. त्यामुळे मंगळवेढ्याच्या शिवारात वस्तीवर चक्की उभारणाऱ्याने 4-5 मीटर वाऱ्यात काय मिळेल, एवढंच विचारावं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मोठी पाती लावली की जास्त वीज, असं समजून जुन्याच जनरेटरवर लांब पाती चढवतात. पात्याचं टोक वाऱ्याच्या किती पट वेगाने पळतं, त्याला टीएसआर म्हणतात. तीन पात्यांच्या चक्कीत तो 6 च्या आसपास असतो. मिनिटाच्या फेऱ्या काढायच्या तर 19 गुणिले टीएसआर गुणिले वाऱ्याचा वेग, भागिले व्यास. 4 मीटर वाऱ्यात 1.2 मीटर व्यासाची पाती 380 फेरे घेतात, 2 मीटरची फक्त 228. तुमचा जनरेटर 350 फेऱ्यांना 12 व्होल्ट देत असेल, तर मोठी पाती डौलात फिरतील आणि बॅटरीत काहीच जाणार नाही. 'चक्की फिरते पण चार्जिंग नाही' या तक्रारीत म्हणूनच आधी फेरे आणि व्होल्ट मोजा, मग कंट्रोलरकडे, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याकडे वळा. लहान पात्यांचं चार्जिंग लवकर सुरू होईल, पण हाती दहा-बारा वॅटच येतील. मोठी पाती हवीत, तर कमी फेऱ्यांचा जनरेटरही घ्यावा लागेल. पाचसहा पाती लावून ही अडचण सुटत नाही: चक्की हलक्या वाऱ्यात सुरू होते खरी, पण फेरे आणखी कमी होतात.

दिशा तपासल्याशिवाय पाती चढवू नका. गोल, जाड कड फिरण्याच्या दिशेला पुढे हवी, पातळ कड मागे. सपाट बाजू वाऱ्याकडे, फुगीर बाजू खांबाकडे. उलटी बसवलेली पाती सुरूच होत नाहीत, किंवा रडतखडत फिरतात. पाती बरोबर असूनही चक्की जड वाटत असेल, तर जनरेटरच्या वायरी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत ना, ते बघा.

वजनाकडे सहसा कुणी बघत नाही, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते. 1 किलोचं पातं, त्याचा तोल केंद्रापासून 40 सेंटिमीटरवर, फेरे 500: बुडाच्या बोल्टांवर 110 किलोचा ओढा येतो. दोन पात्यांत 50 ग्रॅमचा फरक असेल, तर साडेपाच किलोचा हिसका सेकंदाला आठ वेळा खांबाला बसतो. संच हाती आला की प्रत्येक पातं किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. मग पट्टीच्या धारेवर आडवं ठेवून तोल कुठे साधतो तिथे खूण करा. वजन सारखं असूनही ही खूण पुढेमागे निघू शकते. बसवल्यावर टोकाटोकांतली तिन्ही अंतरं सुतळीने मोजा, आणि प्रत्येक टोक खांबासमोर आणून मधली फटही मोजा. थरथर बहुतेकदा इथेच सापडते.

हबची, म्हणजे पाती जिथे बसतात त्या मधल्या चकतीची भोकं जुळली नाहीत, तर पात्याच्या बुडात नवी भोकं पाडू नका. ओढा नेमका तिथेच असतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टर्नरकडून जनरेटरच्या मापाची मधली प्लेट करून घ्या, थरथरीने सैल न होणारे नायलॉक नट वापरा. ॲल्युमिनियमची पाती स्वस्त दिसली तरी घेऊ नका, सतत वाकून त्यांना बारीक तडे जातात. ग्लास फायबरची घ्या आणि आपल्या उन्हासाठी वरचा रंग जपा. नवी शिट्टी ऐकू आली, तर कड उडालीय का ते बघा.

बॅटरी काढून चक्की मोकळी सोडू नका. लोड नसला की फेरे सुसाट वाढतात. जनरेटरच्या तिन्ही वायरी शॉर्ट करणारा ब्रेक स्विच जमिनीवरून हाताला येईल असा लावा. वैशाखात दुपारनंतर आभाळ भरून आलं की वळवाचं वादळ पोचायच्या आत, चक्की हळू फिरत असतानाच तो दाबा. पूर्ण वेगात दाबलात तर कॉइल जळू शकते.